आधी आवृत्ती विचारा

(मंडळाच्या स्मरणिका समितीतर्फे सभासदांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणेशोत्सवातलं भाषण म्हटलं की विषय साधारण ठरलेले असतात. संतांवर, लोकमान्यांवर, नाटकावर किंवा मुलांच्या शिक्षणावर. यंदा स्मरणिका समितीनं विषय दिला तो असा : कॉम्प्युटरवर चित्रांचं आणि पानं मांडण्याचं जे सॉफ्टवेअर बसवलेलं असतं, त्याची आवृत्ती कोणती, हे कसं ओळखायचं. विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हाला हसतच विचारलं, "एवढ्याशा गोष्टीला भाषण कशाला? डीटीपीवाला बघून घेईल की!"

डीटीपीवाला त्याच्या कामापुरतं बघतोच. पण आपल्या मंडळाच्या कपाटात जे पडून आहे, ते दुसरं कोणी बघणार नाही. त्यासाठी हे भाषण.

कपाटात दोन गोष्टी आहेत. वरच्या कप्प्यात जुन्या छापील स्मरणिका आहेत. कडा पिवळ्या पडल्यात, पिना गंजल्यात, पण उघडल्या की वाचता येतात. खालच्या कप्प्यात एक कापडी पिशवी आहे. तिच्यात फ्लॉपी, सीडी आणि अलीकडचे काही पेन ड्राइव्ह. काही वर्षांच्या छापील प्रती आता एकही उरलेल्या नाहीत. त्या वर्षांचं जे काही आहे, ते या पिशवीतच आहे. त्यात ज्येष्ठांनी लिहिलेल्या आठवणी आहेत : सीमालढ्याच्या, निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या, १९८१ च्या तंबाखू आंदोलनातल्या, गल्लीतल्या पहिल्या गणपतीच्या. लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण आज आपल्यात नाहीत. त्यांना पुन्हा विचारायला जाता येणार नाही. म्हणून या फाईली उघडणं ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रंकेत मोडीतले कागद आहेत. वाटण्या, खरेदीखतं, सावकाराचे हिशेब. आजोबांना ते घडाघडा वाचता यायचे. मग शाळेतून मोडी गेली, आणि दोन पिढ्यांत तेच कागद आपल्याला परके झाले. तरी मोडी वाचणारा माणूस शोधला तर सापडतो, आणि कागद त्याच्यापुढे धरला की तो वाचतो. फाईलचं तसं नाही. सीडी हातात धरून काही दिसत नाही. ती ज्या सॉफ्टवेअरच्या ज्या आवृत्तीत केली, ती आवृत्ती किंवा तिला समजून घेणारी दुसरी, आणि सोबत तोच टंक, म्हणजे फॉन्ट, एवढं सगळं जुळलं तरच ती बोलते.

आपल्या बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे. १९४६ मध्ये इथे साहित्य संमेलन झालं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. त्या काळी जुळाऱ्यानं एकेक खिळा जुळवून छापलेला कागद समोर आला, तर आजही आपण तो वाचू. २००० साली इथेच पुन्हा संमेलन झालं, य. दि. फडके अध्यक्ष होते. त्या सुमाराची एखादी पत्रिका जर फक्त फाईल म्हणून उरली असेल, तर ती वाचता येईल की नाही, हे आधी तपासावं लागेल. चोपन्न वर्षांनी जुना कागद सोपा आणि नवी फाईल अवघड, असा हा उलटा हिशेब आहे.

हे असं का होतं, ते आधी थोडक्यात सांगतो.

संगणकाच्या पोटात अक्षर नसतं, आकडा असतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक. सुरुवातीला हे क्रमांक इंग्रजी अक्षरांनाच दिलेले होते. मराठीत छपाई तर करायचीच होती. मग टंक तयार करणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचं चित्र बसवलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचे टंक, आकृती, शिवाजी, कृतीदेव हे सगळे जुने टंक याच पद्धतीचे. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय. डोळ्यांना मराठी दिसतं. या युक्तीनं आपल्या हजारो पत्रिका, स्मरणिका, वर्तमानपत्रं छापली गेली. त्या मंडळींचे उपकारच आहेत. पण टंक काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं पडतं, आणि अर्थहीन अक्षरांची रांग दिसते. शिवाय कोणत्या क्रमांकावर कोणतं चित्र, हे प्रत्येक कंपनीनं आपापल्या सोयीनं ठरवलं. त्यामुळे एका कंपनीच्या टंकातला मजकूर दुसरीच्या टंकात टाकला की भलतंच काही तरी उमटतं.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. कन्नडमध्येही नेमकी हीच युक्ती झाली. कन्नड गणक परिषदेचा नुडी, तसाच बरह, यांचे जुने टंक इंग्रजीच्याच क्रमांकांवर बसलेले. आपल्याकडची लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, उत्सवाचा फ्लेक्स बहुधा दोन्ही लिपींत असतो. कर्नाटकात २०२४ पासून पाटीवर साठ टक्के भाग कन्नडला देण्याचा कायदा आहे, त्यामुळे हे दुहेरी काम आणखी वाढलं. आता एकाच फाईलमध्ये वरच्या ओळीला नुडी आणि खालच्या ओळीला श्री-लिपी असते, आणि दोन्ही ओळी संगणकाच्या लेखी इंग्रजीच असतात. एका खुर्चीवर दोघांना बसवल्यासारखं हे आहे. फाईल दुसऱ्या संगणकावर गेली, तिथे एक टंक नसला आणि सॉफ्टवेअरनं त्याच्या जागी दुसराच लावला, की मराठी ओळ कन्नड अक्षरांत उमटू शकते. तीही अशी, की मराठी माणसाला वाचता येत नाही आणि कन्नड माणसाला तर नाहीच नाही.

आणि आपल्या फाईली फिरतात फार. मजकूर निपाणीत जुळतो, छपाई कोल्हापूरला किंवा इचलकरंजीला होते, दुरुस्ती बेळगावात बसून कोणी करतं. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीला लागून, पण ते कोल्हापूर जिल्ह्यात; निपाणी बेळगाव जिल्ह्यात. रोज जाणाऱ्या मुलांना राज्याची हद्द ओलांडल्याचं जाणवतही नाही. माणसाला अशी हद्द सहज ओलांडता येते. फाईलला दोन आवृत्त्यांमधली हद्द ओलांडताना मात्र कागदपत्र लागतं. ते कागदपत्र म्हणजे आवृत्ती आणि टंक यांची नोंद.

आता आवृत्तीकडे येऊ. आपल्याकडे तीन नावं सतत कानावर येतात : पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप.

पेजमेकर १९८५ मध्ये आला. आधी तो आल्डस कंपनीचा होता, १९९४ मध्ये अडोबीकडे गेला. त्याची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ ची. नंतर अडोबीनं इनडिझाइनवर भर दिला आणि पेजमेकर तिथेच थांबला. पेजमेकरला युनिकोड कधीच कळलं नाही.

कोरल ड्रॉ १९८९ मध्ये आला. आपल्याकडे बराच काळ ९ आणि ११, १२ या आवृत्त्या चालल्या. २००६ मध्ये आली तिचं नाव एक्स थ्री. इथे गोंधळ होतो. एक म्हणतो, "माझ्याकडे तेरा आहे," दुसरा म्हणतो, "माझ्याकडे एक्स थ्री आहे," आणि दोघांना वाटतं आपल्याकडे वेगवेगळं आहे. एक्स म्हणजे रोमन दहा. दहा अधिक तीन, तेरा. तसंच एक्स फोर म्हणजे चौदा, एक्स सेव्हन म्हणजे सतरा. एक्स एटनंतर नावात वर्ष आलं. २०१७ ची आवृत्ती आतल्या मोजणीत एकोणीस, २०१८ ची वीस.

फोटोशॉप १९९० चं. त्यातही ७ नंतर सीएस आलं, ते आतून ८. सीएस सिक्स आतून १३. तेव्हा आवृत्ती विचारताना नाव आणि आकडा, दोन्ही विचारायचे आणि दोन्ही लिहायचे. सप्तपदीच्या आधी गोत्र आणि आडनाव दोन्ही विचारतात ना, तसं.

याचं महत्त्व एवढ्यासाठी, की नव्या आवृत्तीला जुनी फाईल बहुतेक वेळा समजते, पण जुन्या आवृत्तीला नवी समजत नाही. नातवाला आजोबांचं बोलणं कळतं; नातू मित्रांशी बोलतो ते आजोबांना कळेलच असं नाही. एक्स सेव्हनमध्ये ठेवलेली फाईल बारामध्ये उघडणार नाही. त्यावर उपाय कोरलमध्येच आहे. फाईल 'सेव्ह ॲज' करताना त्याच चौकटीत आवृत्ती निवडायची जागा असते. समोरच्याकडे बारा असेल तर बारा निवडायची. मात्र नव्या आवृत्तीतल्या काही करामती जुन्यात टिकत नाहीत, म्हणून मूळ फाईल तशीच ठेवून ही प्रत वेगळ्या नावानं करायची.

आता प्रत्यक्ष आवृत्ती कशी बघायची? हे आम्ही सावकाश सांगतो. ज्यांना लिहून घ्यायचं असेल त्यांनी घ्यावं.

पहिला मार्ग, सॉफ्टवेअर उघडून. वरच्या पट्टीत अगदी उजवीकडे 'हेल्प' असतं. त्यावर क्लिक केलं की यादीत, बहुधा तळाशी, 'अबाऊट' आणि पुढे सॉफ्टवेअरचं नाव दिसतं. कोरल, फोटोशॉप, इनडिझाइन, तसंच इंकस्केप, गिंप, स्क्रायबस ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं, सगळ्यांत विंडोजवर हीच जागा. ॲपलच्या संगणकावर 'अबाऊट' हेल्पमध्ये नसतं. डावीकडे सॉफ्टवेअरच्या नावाचा मेनू असतो, त्यात पहिलंच. जी चौकट उघडते तिच्यात पूर्ण आकडा असतो. तो पूर्ण लिहून घ्यायचा, टिंबांसकट. फोटोशॉपमध्ये हेल्पखालीच 'सिस्टम इन्फो' आहे. तिथे पहिल्याच ओळीत आवृत्ती येते आणि सगळी माहिती कॉपी करता येते.

दुसरा मार्ग, सॉफ्टवेअर न उघडता. जुना संगणक, सॉफ्टवेअर उघडायला पाच मिनिटं घेतं किंवा उघडतच नाही. तेव्हा विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स'मध्ये जायचं. विंडोज ११ मध्ये तिथे 'इन्स्टॉल्ड ॲप्स' अशी यादी आहे, १० मध्ये 'ॲप्स अँड फीचर्स'. जुन्या विंडोजवर कंट्रोल पॅनेलमध्ये 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स' असतं, आणि तिथे आवृत्तीचा वेगळा रकानाच असतो. एका संगणकावर एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या असल्या तर दोन्ही इथे दिसतात. हे फार उपयोगाचं, कारण डीटीपीच्या दुकानात बारा आणि एक्स सेव्हन शेजारी शेजारी नांदत असतात, आणि फाईलवर दोनदा क्लिक केलं की कोणती उघडेल याचा नेम नसतो.

तिसरा मार्ग, फाईलवरूनच ओळखायचं. आपल्या पिशवीसाठी हाच कामाचा, कारण फाईल आहे पण ती केलेला संगणक आता नाही.

पेजमेकरच्या फाईलचं आडनाव सगळं सांगतं. टिंबानंतर पीएम६ असेल तर आवृत्ती ६.०, पी६५ असेल तर ६.५, पीएमडी असेल तर ७.०.

कोरलचं आडनाव सगळ्याच आवृत्त्यांत सीडीआर. पण फाईलची एक प्रत करून ती प्रत नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्या ओळीत खूण सापडते. अगदी सुरुवातीला आरआयएफएफ ही इंग्रजी अक्षरं आणि थोडं पुढे सीडीआर असेल, तर फाईल एक्स थ्री किंवा त्याआधीची. सीडीआरला लागून जो आकडा किंवा अक्षर आहे, ती आवृत्ती. ९ असेल तर नऊ. दहापासून पुढे अक्षरं आहेत : ए म्हणजे दहा, बी अकरा, सी बारा, डी तेरा. आणि सुरुवातच पीके अशी असेल, तर फाईल एक्स फोर किंवा त्यानंतरची. बाकी सगळं अगम्य दिसेल. घाबरायचं नाही आणि काहीही न बदलता बंद करायचं.

पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून कंट्रोल आणि डी दाबायचं. जी चौकट येते तिच्यात ती पीडीएफ कोणत्या सॉफ्टवेअरमधून निघाली ते लिहिलेलं असतं, आणि 'फॉन्ट्स' या कप्प्यात वापरलेल्या टंकांची नावं. मूळ फाईल हरवली आणि पीडीएफ उरली, तर त्या वर्षी कोणता टंक वापरला हे शोधण्याचा हा सर्वात सोपा रस्ता आहे. इनडिझाइनची फाईल असेल तर ती उघडून, कंट्रोल दाबून धरून, 'अबाऊट इनडिझाइन'वर क्लिक करायचं. त्या फाईलचा इतिहासच समोर येतो, ती कोणत्या आवृत्तीतून कुठे गेली यासकट.

तरुण मंडळी आता कॅन्व्हात कामं करतात. ते ब्राउझरमध्ये चालतं, संगणकावर आवृत्ती अशी नसते. पण त्यात केलेली पत्रिका ज्याच्या खात्यात, त्याच्याच ताब्यात राहते. तो मुलगा नोकरीला पुण्याला गेला की पत्रिका गेली. म्हणून तिची पीडीएफ उतरवून मंडळाकडे द्यायची, आणि मजकूर वेगळा.

आवृत्ती कळली, पुढे काय? पेजमेकर ६.० आणि त्यापुढच्या फाईली इनडिझाइनच्या सीएस सिक्सपर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात. सीएस सिक्स २०१२ ची. त्यापुढच्या सीसी आवृत्त्यांत ही सोय काढून टाकली. म्हणजे इथे नवं घेणाऱ्यापेक्षा जुनं जपून ठेवणारा फायद्यात आहे. गावात कोणाकडे रीतसर घेतलेला सीएस सिक्स असेल, तर तो पुसण्याआधी आम्हाला सांगा. तो नसेल तर लिबर ऑफिस फुकट मिळतं. त्याच्या ३.६ आवृत्तीपासून कोरलच्या फाईली उघडायची सोय आली आणि ४.४ पासून पेजमेकरच्या. म्हणजे लिबर ऑफिसचीही आवृत्ती बघायचीच! पानाची मांडणी थोडी विस्कटते, पण आपल्याला हवा आहे मजकूर. तो जुन्या टंकातला असला तर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, पण त्या साधनाचा पहिला प्रश्न असतो : टंक कोणता? त्याचं उत्तर चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

युनिकोड हा शब्द दोन-तीनदा आला. त्याचं काम सोपं आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीला आणि कन्नडला प्रत्येकी १२८ घरांची स्वतंत्र आळी दिली आहे. खुर्चीवरून भांडण उरलं नाही. त्या फाईलमधला टंक बदलला तरी मराठी मराठीच राहतं आणि कन्नड कन्नडच. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये आहे का, हे बघायची घरगुती परीक्षा अशी : एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका. मराठीच उमटली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला तर जुना टंक.

पण इथेही आवृत्ती पाठ सोडत नाही. युनिकोड मराठी नीट मांडण्याची सोय कोरलमध्ये एक्स सिक्सपासून आली, इनडिझाइनमध्ये सीएस सिक्सपासून. त्याआधीच्या आवृत्तीत 'निपाणी' लिहिलं तर पहिली वेलांटी 'न'वरून उडून 'प'वर बसते. जोडाक्षरं पाय मोडून वेगळी पडतात. लोक म्हणतात, "युनिकोडमध्ये मराठी नीट येत नाही." येतं, आवृत्ती जुनी आहे. 'ॲड.' आणि 'ॲग्रो'मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या टंकांत त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. आपल्या जाहिरातींत वकील आणि शेतीची दुकानं दोन्ही भरपूर, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

आता छापखान्यात फाईल देताना 'कर्व्ह' करतात, त्याबद्दल. कंट्रोल-क्यू दाबलं की अक्षरांचं चित्र होतं. मग टंक असो नसो, समोरच्याकडे तसंच दिसतं. छपाईपुरतं हे अगदी योग्य. पण चित्र झालेल्या अक्षराची दुरुस्ती होत नाही, त्यात शोधही घेता येत नाही. श्रद्धांजलीच्या पानावर एखाद्याच्या वडिलांचं नाव 'दत्तात्रय' पडलं आणि घरचे म्हणाले 'दत्तात्रेय' हवं, तर तेवढी एक मात्रा बदलायला सगळी ओळ पुन्हा बसवावी लागते. म्हणून प्रत्येक कामाच्या दोन प्रती हव्यात : एक कर्व्ह केलेली, छापखान्यासाठी, एक जिवंत मजकुराची, आपल्यासाठी. पैसे चुकते करताना दोन्ही मागून घ्या. बहुतेक दुकानदार आनंदानं देतात. आपणच मागत नाही.

पूर्वी पोथी लिहून झाली की लेखक शेवटी आपलं नाव, गाव, शक आणि तिथी लिहायचा. त्या दोन ओळींवरून आज अभ्यासक पोथीचा काळ सांगतात. तशी रीत आपण सुरू करावी, असं समितीचं म्हणणं आहे. यंदापासून स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर आणि फाईलच्या फोल्डरमध्ये एका साध्या चिठ्ठीत पाच गोष्टी लिहायच्या : सॉफ्टवेअरचं नाव, त्याची आवृत्ती, नाव आणि आकडा दोन्ही, मराठी टंकाचं आणि कन्नड टंकाचं नाव, कोणत्या कंपनीचा यासकट, मजकूर युनिकोडमध्ये आहे की जुन्या टंकात, आणि काम पूर्ण झाल्याची तारीख. लिहायला दोन मिनिटं पुरतात. तीस वर्षांनी जो कोणी कपाट उघडेल, त्याचे कित्येक दिवस वाचतील.

शेवटी एक मागणं. पिशवीतल्या फाईली आम्ही एकेक करून काढायला घेतल्या आहेत. मूळ सीडीला हात न लावता आधी प्रत काढायची, मग आवृत्ती ओळखायची, मग टंक शोधायचा, असा क्रम ठेवला आहे. संगणकाचं काम तरुण मुलं करतील. पण मजकूर उघडल्यावर तो बरोबर उतरला की नाही, हे त्यांना कळणार नाही. टंक बदलताना 'र'चा रफार हरवतो, 'श' आणि 'ष' अदलाबदल होतात, आडनावाचं भलतंच होतं. शहापूरच्या विणकरांच्या गल्लीतलं कोण, अनगोळचं कोण, खानापुराहून येऊन टिळकवाडीत राहिलेलं कोण, ही नावं ज्यांच्या ओठांवर आहेत त्या ज्येष्ठांनी शेजारी बसायला हवं. एक जण वाचेल, एक जण दुरुस्त करेल. जुन्या छापखान्यात प्रूफं अशीच तपासली जायची.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या खोलीत आम्ही बसणार आहोत. घरी जुन्या सीडी, फ्लॉपी, पेन ड्राइव्ह असतील तर घेऊन या. ज्या संगणकावर त्या केल्या तो अजून चालू असेल, तर विकण्याआधी त्यावरच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि टंकांची यादी तेवढी लिहून आणा. आणि ट्रंकेत एखादी जुनी छापील स्मरणिका सापडली तर ती सर्वांत आधी आणा. बाकी सगळं तिच्याशीच पडताळून बघायचं आहे.

गणपती बाप्पा मोरया!